बोटाएवढी जाड रेघ

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात नकाशा येतो. निळा समुद्र, त्यावर पांढरा भोवरा, भोवऱ्यातून किनाऱ्याकडे निघालेली तांबडी रेघ आणि रेघेभोवती रुंद होत जाणारा फिकट पट्टा. असे नकाशे मीही काढते. मी भौतिकशास्त्रातील संशोधक आहे, कोलकात्यात राहते आणि २०२०च्या टाळेबंदीपासून संशोधनाच्या जोडीने वृत्तपत्रांसाठी आकडेवारीचे आलेख, तसेच वाचकाला स्वतः हाताळता येतील अशी संवादी चित्रे तयार करते. या कामाविषयी विद्यार्थी हमखास एकच प्रश्न विचारतात: कोणती साधने शिकावीत? त्याचे उत्तर दोन ओळींचे आहे आणि ते मी शेवटी देणार आहे. त्याआधी मी काढलेल्या एका चुकीच्या रेघेची हकिकत सांगायला हवी.

मार्च २०२०मध्ये प्रयोगशाळा बंद झाल्या. एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळाला करोनाचे रोजचे आलेख काढणारे कोणीतरी हवे होते आणि माझ्याकडे वेळ होता. भौतिकशास्त्राच्या सवयीने मी पहिला आलेख लॉगरिदमिक मापनावर काढला. घातांकी वाढ त्या मापनावर सरळ रेषेत दिसते आणि वाढीचा दर चटकन कळतो. आम्हा मंडळींना यापरते सोयीचे काही नाही. वाचकांनी मात्र ती रेषा पाहून भलताच अर्थ काढला. रेषा वर वळत नाही, म्हणजे साथ आटोक्यात येत आहे, असे त्यांना वाटले. कागदावर जे असते आणि पाहणाऱ्याच्या मनात जे उमटते त्यांत अंतर असते, हा धडा मला तेव्हा मिळाला होता. तो मी पुरता गिरवला नाही, हे पुढच्या दोन महिन्यांत सिद्ध झाले.

२० मे २०२०च्या दुपारी ‘अम्फान’ सुंदरबनच्या किनाऱ्यावर आदळले. किनाऱ्यापाशी वाऱ्याचा वेग ताशी १५५ ते १६५ किलोमीटर होता. संध्याकाळी ते कोलकात्यावर आले तेव्हा दमदमला ताशी १३०च्या आसपास झोत नोंदले गेले. सॉल्ट लेकमधील माझ्या घराच्या खिडक्या रात्रभर थरथरत होत्या. सकाळी पाहिले तर रस्त्यांवर गुलमोहर आणि राधाचूडा आडवे पडले होते, वीज गेली होती आणि कॉलेज स्ट्रीटवर पाण्यात पुस्तके तरंगत असल्याची छायाचित्रे फोनवर येत होती. त्या आठवड्यात वादळाच्या मार्गाचा संवादी नकाशा मी केला होता. बोटाने सरकवले की वादळ पुढे जाई आणि त्या त्या तासाची जागा दिसे. हवामान खात्याचा अंदाज आणि वादळाचा प्रत्यक्ष मार्ग यांत फारसा फरक पडला नाही. माझी रेघ जिथून गेली होती, तिथूनच वादळ गेल्यासारखे मला वाटले. रेघ म्हणजेच वादळ, ही समजूत तिथे पक्की झाली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी अरबी समुद्रात ‘निसर्ग’ तयार झाले. जून महिन्यात मुंबईच्या इतक्या जवळ चक्रीवादळ येणे दुर्मिळ असल्याने साऱ्या देशाचे डोळे मुंबईकडे लागले. हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, ३ जूनच्या दुपारी वादळ किनारा ओलांडेल, असे हवामान खात्याने सांगितले होते. मी नकाशा केला. चौकटीच्या मधोमध मुंबई ठेवली. फोनच्या छोट्या पडद्यावर गर्दी होते म्हणून अनिश्चितता दाखवणारा पट्टा काढून टाकला आणि एक बारीक, सुबक तांबडी रेघ तेवढी ठेवली. नकाशा पुष्कळ लोकांनी पाहिला.

पाहणाऱ्यांत माझी आत्या होती. ती दापोली तालुक्यातील केळशीला राहते. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, गोठ्यात दोन गाई. २ जूनच्या संध्याकाळी तिचा फोन आला. “आमच्याकडे काय दाखवतोय गं तुझा नकाशा?”

“रेघ अलिबागकडे जातेय, आत्या. हरिहरेश्वराच्या खाली काही नाही. पाऊस होईल जोराचा, बाकी काळजी करू नकोस.”

“मग गाई शाळेत नाही नेत. उगीच ओढाताण.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागेनासा झाला. पाच दिवस लागला नाही. वीज यायला काही आठवडे गेले. माणसे वाचली, हे मोठेच. पण गोठ्याचे छप्पर पडून एक गाय गेली आणि वाडीतील बहुतेक सुपाऱ्या कंबरेत मोडल्या. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत बागायतदारांची हीच कथा होती. सुपारीचे झाड उत्पन्नावर यायला सात-आठ वर्षे लागतात. तेव्हा गेले ते केवळ त्या हंगामाचे पीक नव्हते.

फोन लागला तेव्हा आत्या रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “वादळ काही तुझ्या हातातलं नव्हतं. पण ‘काही नाही’ असं तू कशाच्या जोरावर म्हणालीस?”

हवामान खात्याच्या इशाऱ्यात रत्नागिरी जिल्ह्याचा समावेश होता. माझ्या चित्रातून तो गळला होता. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मलाच शोधायचे होते.

प्रथम साधा हिशेब मांडला. फोनचा पडदा सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर साडेसहाशे किलोमीटरचा प्रदेश बसवला की एक मिलिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. केळशी आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये बाणकोटची खाडी आहे, पण सरळ रेषेत अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. म्हणजे माझी एक मिलिमीटरची रेघ स्वतःच तेवढी जाड होती. आता दुसरी संख्या पाहा. चोवीस तास आधी वर्तवलेली वादळाच्या केंद्राची जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतील सरासरी फरक आपल्याकडे अलीकडच्या वर्षांत ७५ ते ८० किलोमीटर राहिला आहे. बहात्तर तास आधीच्या अंदाजात तो साधारण दुप्पट होतो. काही दशकांपूर्वीच्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे. पण माझ्या पडद्यावर ७५ किलोमीटर म्हणजे साडेसात मिलिमीटर, रेघेच्या दोन्ही बाजूंना. प्रामाणिकपणे काढली असती तर ती रेघ दीड सेंटिमीटर, म्हणजे बोटाएवढी जाड झाली असती. त्या बोटाखाली हरिहरेश्वरही झाकले गेले असते आणि केळशीही. बारीक रेघ काढून मी जी अचूकता दाखवली ती शास्त्राकडे नव्हती. ती माझ्या सॉफ्टवेअरच्या पेनमध्ये होती.

जो पट्टा मी काढून टाकला त्याला ‘अनिश्चिततेचा शंकू’ म्हणतात. भारतीय हवामान खाते तो २००९पासून देते. त्याची रचना सोपी आहे: पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वादळाच्या अपेक्षित जागेभोवती एक वर्तुळ काढायचे आणि त्याची त्रिज्या मागील वर्षांतील अंदाजांच्या सरासरी चुकीएवढी ठेवायची. वर्तुळे जोडली की शंकू तयार होतो. तो वादळाच्या आकाराचा नसून आपल्या अज्ञानाचा आहे. वाचकांना मात्र तो पाहून वादळच मोठे होत चालले आहे असे वाटते आणि शंकूबाहेरची माणसे स्वतःला सुरक्षित समजतात. अमेरिकेत यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. शंकूऐवजी अनेक संभाव्य मार्गांच्या रेघा दाखवल्या तर ज्याच्या गावावरून एखादी रेघ जाते तो घाबरतो आणि शेजारच्या गावातला निर्धास्त होतो, असेही आढळले आहे. निर्दोष चित्र कोणतेच नाही. पण अनिश्चितता पुसून टाकणे हा त्यावरचा उपाय खचितच नव्हे.

तरीही एक कोडे उरलेच. रेघ जवळून गेली हे मान्य केले, तरी मुंबई थोडक्यात सुटली आणि दक्षिणेकडचा दापोली तालुका मोडला, असे का? त्याचे उत्तर मला कोलकात्यातच, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात मिळाले.

हेन्री पिडिंग्टन हा पूर्वाश्रमीचा खलाशी कलकत्त्यात स्थायिक झाला आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा प्रमुख बनला. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याच्यासमोर येत. त्या जुळवून त्याने पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वादळांवर लेखांमागून लेख लिहिले. ‘सायक्लोन’ हा शब्द त्याचाच. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने तो घडवला. १८४८मध्ये त्याचे ‘द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स’ प्रसिद्ध झाले. हॉर्न-बुक म्हणजे त्या काळच्या इंग्रज मुलांची अक्षरओळखीची पाटी. तिच्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. पिडिंग्टनने खलाशांच्या या प्राथमिक पुस्तकासोबत तशीच पारदर्शक कार्डे दिली. कार्डावर वर्तुळे आणि वाऱ्याच्या दिशांचे बाण. कप्तानाने आपल्या सागरी नकाशावर कार्ड ठेवायचे, वाहत्या वाऱ्याची दिशा कार्डावरील बाणाशी जुळेपर्यंत सरकवायचे आणि वादळाचे केंद्र कुठे आहे ते वाचायचे. मग जहाज कोणीकडे वळवायचे ते ठरवायचे.

हे वर्णन वाचताना मी थबकले. वाचकाने स्वतःची जागा शोधायची, चित्र हाताने हलवायचे आणि स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे, ही संवादी चित्राची आजची व्याख्या आहे. ती संगणकाशिवाय, शिंगाच्या तुकड्यावर, याच शहरात साकार झाली होती.

मी पारदर्शक प्लास्टिकवर तसे कार्ड बनवले आणि कोकणच्या नकाशावर ठेवले. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र अलिबागच्या दक्षिणेला ठेवले की मुंबई त्याच्या उत्तरेला येते आणि तिथला बाण जमिनीकडून समुद्राकडे जातो. केळशी आग्नेयेला येते. तिथला बाण नैऋत्येकडून, थेट समुद्रावरून गावावर येतो. शिवाय ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकत होते. वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूस फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या बाजूस वजाबाकी. ढोबळमानाने, शंभरच्या वेगाने फिरणारे वादळ वीसच्या वेगाने सरकत असेल तर उजवीकडे १२० आणि डावीकडे ८०. वारे अचूक वर्तुळात न फिरता आत वळत जातात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण त्या दुरुस्तीनंतरही निष्कर्ष तोच राहतो. रेघेपासून सारख्याच अंतरावरची दोन गावे सारखी सुरक्षित नसतात. हे भौतिकशास्त्र मी पदवीच्या वर्गात शिकले होते. माझ्या नकाशात त्याचा मागमूस नव्हता.

पिडिंग्टनच्या बाबतीत एक दुःखद नोंदही आहे. मातला नदीवर पोर्ट कॅनिंग हे नवे बंदर उभारण्याचा विचार सुरू झाला तेव्हा, १८५३मध्ये, त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहून वादळी लाटेचा धोका कळवला. बंदर तरीही झाले. पिडिंग्टन १८५८मध्ये वारला आणि १८६७च्या नोव्हेंबरमधील वादळाने बंदराची वाताहत केली. त्याआधी ऑक्टोबर १८६४च्या वादळाने कलकत्त्यात हाहाकार उडवला होता. अशा आघातांनंतरच १८७५मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. मुख्यालय आधी कलकत्त्यात होते, मग सिमल्याला गेले आणि १९२८मध्ये पुण्यास आले. शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते याच इतिहासामुळे.

धोक्याची दिशा कशी दाखवावी हे पिडिंग्टनकडून कळले. आपल्या चुकीचा आकार कसा दाखवावा, हे शिकवणारा माणूसही याच शहरात होऊन गेला. प्रशांतचंद्र महालनोबिस मुळात भौतिकशास्त्राचे. प्रेसिडेन्सी कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि १९२२ ते १९२६ या काळात अलीपूरच्या वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञही होते. प्रेसिडेन्सीच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांनी सुरू केलेल्या सांख्यिकी प्रयोगशाळेतून १९३१मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था जन्मली. बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करताना त्यांनी एक युक्ती योजली. नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करायचे आणि पाहणी वेगवेगळ्या गटांकडून करून घ्यायची. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर त्यांतील अंतर म्हणजेच आपल्या मोजणीतील संभाव्य चूक. पुढे १९६०मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रॅक्टाइल ग्राफिकल अ‍ॅनालिसिस’मध्ये त्यांनी हीच कल्पना चित्रात उतरवली. दोन उपनमुन्यांचे दोन आलेख एकाच कागदावर काढायचे. त्या दोन रेषांमधल्या जागेला त्यांनी ‘चुकीचे क्षेत्रफळ’ मानले. दोन समूहांची तुलना करायची झाल्यास त्यांच्या आलेखांमधील अंतर या क्षेत्रफळापेक्षा मोठे आहे का, ते पाहायचे.

यातील धीटपणा मला फार भावतो. चूक तळटीपेत लिहायची नाही, ± असे चिन्ह टाकून मोकळे व्हायचे नाही. ती कागदावर जागा व्यापेल अशी काढायची. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक बिंदूला त्रुटीदर्शक दांडी जोडतो. ती नसेल तर संशोधनपत्रिका सहसा आलेखाबद्दल प्रश्न विचारतात. मग लाखो लोकांसमोर जाणाऱ्या आणि कुणाच्या तरी गोठ्याचा निर्णय ठरवणाऱ्या चित्रालाच ही शिस्त का नसावी?

त्या पावसाळ्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. पूर्वानुमानाची रेघ मी आता तिच्या चुकीएवढी जाड काढते आणि कडा पुसट ठेवते, कारण ठळक कडेला लोक कुंपण समजतात. धोका पट्ट्याच्या उजवीकडे अधिक असेल तर रंगही तसाच असममित देते. नकाशाची चौकट महानगराभोवती न बांधता इशारा दिलेल्या सर्व जिल्ह्यांभोवती बांधते. वाचकाला गावाचे नाव टाकायची सोय देते, पण नकाशा एका मर्यादेपलीकडे मोठा होऊ देत नाही. ७५ किलोमीटरची चूक असताना घराचे छप्पर दिसेपर्यंत नकाशा ताणता आला तर संवादी चित्रही खोटेच बोलते. टक्क्यांऐवजी ‘अशा शंभर वादळांपैकी इतकी’ असे लिहिते. प्रत्येक चित्रासोबत वीज आणि इंटरनेट दुबळे असतानाही उघडेल असे लहान, स्थिर चित्र आणि चार ओळींचा मजकूर देते. ज्याला माहितीची सर्वाधिक गरज असते, त्याच्याकडेच त्या क्षणी सर्वांत क्षीण नेटवर्क असते.

याला विरोध झाला नाही असे नाही. मे २०२४मध्ये ‘रेमाल’ सागर बेट आणि बांगलादेशातील खेपुपाडा यांच्या दरम्यान किनारा ओलांडणार होते, तेव्हा माझा नकाशा पाहून एका संपादकांनी विचारले, “पण रेघ कुठे आहे? वाचकाला ठाम उत्तर हवे असते.” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. धूसर चित्र पाहून ‘यांना काहीच ठाऊक नाही’ असे म्हणणारा वाचक असतोच आणि तोही गाई गोठ्यातच ठेवतो. म्हणून चित्राखाली ठाम वाक्य हवे. केंद्र नेमके कुठून जाईल ते आज सांगता येत नाही, पण या पट्ट्यातील प्रत्येक गावाने आज रात्रीपूर्वी काय करावे हे सांगता येते. चर्चेअंती तेच वाक्य सर्वांत वर, ठळक अक्षरांत गेले.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर. जावास्क्रिप्ट शिका आणि तिच्यातील डी-थ्री हे साधन शिका. पायथनमध्ये आकडेवारी स्वच्छ करायला शिका आणि नकाशांच्या प्रक्षेपणांचे गणित समजून घ्या. काही महिन्यांत हे जमते.

त्यापूर्वी एक स्वाध्याय करा. पुढच्या वादळाचा नकाशा बातमीत दिसला की मोजपट्टी घ्या. रेघेची जाडी मोजा, नकाशाच्या मापाने तिचे किलोमीटर करा आणि चोवीस तासांच्या सरासरी चुकीशी तुलना करा. रेघ जितकी बारीक निघेल, तितके काहीतरी तुमच्यापासून लपवले गेले आहे. मग त्या रेघेच्या उजव्या बाजूला, नकाशाच्या काठाशी कोणते गाव आहे ते पाहा. तिथे ओळखीचे कोणी असेल तर त्याला फोन करा.

केळशीच्या वाडीत आत्याने त्याच पावसाळ्यात सुपारीची नवी रोपे लावली. ती अजून उत्पन्नावर यायची आहेत. वादळाची बातमी आली की तिचा फोन येतो. मी तिला आता रेघ सांगत नाही. आधी विचारते, गाई कुठे आहेत.